“परवा सेकंड शिफ्टला काय केलंत?” : परदेशी नोकरीच्या रेझ्युमेबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात परदेशी नोकरीच्या अर्जाबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. कराड, कुपवाड, मिरज, तासगाव, कोरेगाव, सगळीकडून. बऱ्याच जणांनी आपला रेझ्युमे पण सोबत पाठवलाय. मी १४ वर्षं पुण्यात भरतीच्या कामात काढली, रोज शेकडो रेझ्युमे वाचायचे, आता साताऱ्यात घरी असते, त्यामुळे सगळे नीट बसून वाचले. पाच प्रश्न इथे घेते, बाकीच्यांची उत्तरं यातच सापडतील असं बघितलंय.

ताई, मी डिप्लोमा मेकॅनिकल आहे, ७ वर्षं कुपवाड एमआयडीसीत व्हीएमसीवर (धातू कापणाऱ्या कॉम्प्युटराइज्ड मशीनवर) काम करतोय. जर्मनीतल्या ६० तरी कंपन्यांना रेझ्युमे टाकला, एकाचाही रिप्लाय नाही. माझं काय चुकतंय? रेझ्युमे जोडलाय.
एक वाचक, कुपवाड

तुमचा रेझ्युमे चार पानी आहे. पहिल्या अर्ध्या पानात वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, धर्म, वैवाहिक स्थिती, मु.पो.-तालुका-जिल्ह्यासकट पूर्ण पत्ता, आणि शेवटी “वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे” असं डिक्लेरेशन, खाली ठिकाण सांगली आणि सही. हा आपला बायोडेटा झाला, आपल्याकडे कॉलेजात हाच फॉरमॅट एकमेकांचा बघून पुढे सरकत येतो, त्यात तुमचा दोष नाही. पण तिकडच्या माणसाला यातलं जवळपास काहीच नको असतं. जात-धर्म तर लगेच काढा. पत्त्यात सांगली, महाराष्ट्र, इंडिया एवढं पुरे. डिक्लेरेशन पूर्ण उडवा.

खरं दुखणं मात्र पुढच्या पानावर आहे. सात वर्षांच्या कामाबद्दल तुम्ही इंग्लिशमध्ये एकच ओळ लिहिलीय, तिचा अर्थ होतो “व्हीएमसी मशीन चालवण्याची जबाबदारी”. बास. म्हणून मी तुम्हाला फोन केला होता आणि विचारलं होतं, परवा सेकंड शिफ्टला काय केलंत ते सांगा. आधी तुम्ही म्हणालात, नेहमीचंच काम ताई. मग बोलता बोलता निघालं की पंपाचं हाउसिंग होतं, कास्ट आयर्नचं, फानुक कंपनीचा कंट्रोलर, बोअरला म्हणजे आतल्या भोकाला २० मायक्रॉनचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक), बोअर गेजने दर पाचव्या पीसला चेक करता, सेटिंग तुमचं तुम्हीच करता, आणि पूर्वी सेटिंगला ५० मिनिटं जायची ती तुम्ही फिक्श्चर (पीस धरून ठेवणारी पकड) बदलून ३५ वर आणलीत, शिवाय दोन नवीन पोरांना ट्रेनिंग देताय. अहो हे सगळं रेझ्युमेत कुठंय? माझ्याकडे पुण्यात असा माणूस आला असता तर मी त्याच दिवशी इंटरव्ह्यूला बसवला असता, पण तुमचा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी तो बाजूला ठेवला असता, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं कारण अशी किती माणसं माझ्याकडून बाजूला गेली असतील.

तेव्हा आज रात्री बसा आणि तो फोनवरचा प्रत्येक मुद्दा एकेक ओळीत लिहून काढा. मशीन कुठलं, कंट्रोलर कुठला, मटेरियल काय, टॉलरन्स किती, मोजता कशाने, प्रोग्रॅम स्वतः लिहिता की नुसता एडिट करता (हे खरं सांगा, तिकडे पहिल्या दिवशी कळतं), ड्रॉइंग वाचता येतं का. आपण शॉपवर “जॉब मारला” (पीस तयार केला) म्हणतो, तसं शब्दशः भाषांतर करू नका, आणि कंपनीतले आपले आपले शॉर्टफॉर्म पण नकोत.

जर्मनीत रेझ्युमेला लेबेन्सलाउफ म्हणतात. तक्त्यासारखा, जास्तीत जास्त दोन पानं, सगळ्यात अलीकडची नोकरी वर, प्रत्येक ठिकाणी महिना आणि वर्ष. मधे सहा महिने रिकामे दिसले की तिथे प्रश्न येतोच, तर काय केलं ते एका ओळीत लिहून मोकळं व्हायचं. सोबत एक पानी पत्र लागतं, त्या कंपनीच्या त्या जागेसाठी लिहिलेलं, ६० जणांना एकच पत्र पाठवलं की ते ओळखतात. डिप्लोम्याचं आणि अनुभवाचं सर्टिफिकेट पीडीएफमध्ये जोडायचं. आणि तुमच्या रेझ्युमेत “जर्मन : येते” असं आहे, त्याला काही अर्थ लागत नाही. युरोपात भाषा ए१ पासून सी२ पर्यंत मोजतात. तुम्ही ए२ ची परीक्षा दिलीय असं फोनवर म्हणालात, तर ए२ लिहा, कोणत्या महिन्यात पास झालात ते लिहा, आणि बी१ चालू असेल तर तेही.

अजून एक, डिप्लोमा म्हणजे काय हे तिकडे कळत नाही. दहावीनंतर ३ वर्षांचं तांत्रिक शिक्षण, सरकारी बोर्डाचं, असं खाली एका ओळीत स्पष्ट करा. कारखान्यातल्या बहुतेक ट्रेडचं शिक्षण जर्मन शिक्षणाशी जुळतं का हे न्युरेंबर्गची आयएचके फोसा ही संस्था तपासते. तिथला सगळ्यात जवळचा ट्रेड त्सेरश्पानुंग्समेखानिकर, म्हणजे कटिंगची मशीनं चालवणारा कारागीर, हा शब्द तुमच्या रेझ्युमेत आला पाहिजे कारण ते लोक हाच शब्द टाकून शोधतात. मार्च २०२४ पासून तिथे असाही रस्ता झालाय की आपल्या देशात मान्य असलेलं किमान २ वर्षांचं शिक्षण आणि किमान २ वर्षांचा अनुभव असेल, आणि पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल, तर ही तपासणी आधी न करता पण काम मिळू शकतं. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार पण केलाय. म्हणजे तुमच्यासारख्यांची गरज आहे तिकडे. कागद तेवढा नीट करा.

फोटो लावायचा की नाही? प्रत्येक जण वेगळं सांगतो.
एक विद्यार्थिनी, कराड

देशावर आहे बाळा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथे फोटो नको, जन्मतारीख नको, लग्न झालंय का ते नको, कारण भेदभावाचा आरोप येऊ नये म्हणून कंपन्या असे कागद हातात घ्यायलाच बिचकतात. दुबई, कतार, सौदी या बाजूला उलट आहे, फोटो, नॅशनॅलिटी, व्हिसा स्टेटस सगळं लिहायची पद्धत आहे. जपानच्या रिरेकिशोत, म्हणजे तिथल्या रेझ्युमेत तर फोटोची चौकट छापलेलीच असते. जर्मनीत २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर फोटोची सक्ती करता येत नाही, तरी लावणारे बरेच लावतात, लावलास तर साधा, लग्नातला कापलेला नको.

तू अमेरिकेचा पण विचार करतीयेस म्हणून सांगते, नुकतंच शिक्षण झालेल्यांनी तिथे एकाच पानात बसवायचं. तारीख आकड्यात लिहायची नाही, आपली ४ जुलै त्यांना ७ एप्रिल वाटते, महिना अक्षरात लिही. आणि तुझे ६२ टक्के बघून तिथला माणूस म्हणेल जेमतेम पास झाली, त्याला काय माहीत आपल्याकडे हा फर्स्ट क्लास आहे. म्हणून टक्क्यांच्या आधी फर्स्ट क्लास लिही. स्वतःच्या मनाने भागाकार करून जीपीए (तिकडची ग्रेडची सरासरी) काढू नकोस, ते काम मार्कशीट तपासणाऱ्या संस्थांचं आहे.

मी मिरजेत ९ वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स आहे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय. दुबईला अप्लाय करायचंय, पुढे जमलं तर जर्मनी. माझं मार्कशीट आणि रजिस्ट्रेशन माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने. रेझ्युमेवर कुठलं नाव टाकू?
एक वाचक, मिरज

ताई, तुमचा प्रश्न साधा वाटतो पण आपल्या महाराष्ट्रातल्या बायकांचे सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकलेले मी बघितलेत.

आधी नावाचा क्रम बघा. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग आपलं नाव, मग वडिलांचं. तसंच्या तसं रेझ्युमेवर उतरवलं की परदेशातला माणूस शेवटचा शब्द आडनाव समजतो, म्हणजे तुमच्या वडिलांचं नाव तुमचं आडनाव होऊन बसतं, आणि पहिला शब्द म्हणून तुम्हाला आडनावाने हाक मारतो. माझ्या चुलत बहिणीच्या ऑफर लेटरवर असंच झालं होतं, पासपोर्टशी जुळेना, दुरुस्त करून यायला सात आठवडे गेले आणि त्या सात आठवड्यात तिची जागा दुसरीला गेली. ती अजून तो विषय काढला की गप्प बसते.

म्हणून नियम एकच ठेवा, पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात जे आहे ते आधी, सरनेमच्या रकान्यात आहे ते शेवटी, स्पेलिंगसकट. रेझ्युमे, ईमेल, अर्ज, सगळीकडे तेच. त्याच्या खाली लहान अक्षरात “पूर्वीचं नाव” म्हणून माहेरचं पूर्ण नाव, मार्कशीटवर आहे तसं. म्हणजे वाचणाऱ्याला पहिल्याच मिनिटाला कळतं की ही एकच बाई आहे. मॅरेज सर्टिफिकेट इंग्लिशमध्ये काढून ठेवा, आणि राजपत्रात नावबदल केला असेल तर त्याची प्रत. नर्सिंग कौन्सिलकडे नाव बदलून घ्यायचं असेल तर ते आत्ताच करा, ऑफर आल्यावर धावपळ नको.

नर्सचं दुबईचं लायसन्स डीएचए (तिथलं आरोग्य खातं) देतं, अबुधाबीचं डीओएच, बाकीच्या अमिरातीत एमओएचएपी, तेव्हा कुठे अर्ज करताय ते रेझ्युमेतच लिहा. त्यात डेटाफ्लो नावाचं व्हेरिफिकेशन असतं, ते लोक तुमच्या कॉलेजला आणि हॉस्पिटलला थेट विचारतात की ही व्यक्ती अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत तुमच्याकडे होती का. आता तुमच्या रेझ्युमेत पहिली नोकरी जून २०१६ पासून आहे आणि जोडलेल्या एक्स्पीरियन्स लेटरवर ऑगस्ट २०१६. दोन महिन्यांचाच फरक, तुम्हाला आठवणीत चूक झाली असेल, पण तिथे ते खोटं धरलं जाऊ शकतं. लेटरवर जी तारीख आहे तीच रेझ्युमेवर. पहिलं हॉस्पिटल बंद झालं असेल तर त्या वेळच्या पगाराच्या स्लिपा, बँकेच्या एन्ट्री, पीएफ, जे मिळेल ते शोधा.

कामाचं पण तेच जे वर कुपवाडच्या दादांना सांगितलं. “आयसीयू पेशंट केअर” एवढ्यावर थांबू नका. किती बेडचं आयसीयू, एका शिफ्टला तुमच्याकडे किती पेशंट, व्हेंटिलेटरवरचे किती सांभाळता, हार्टचे की न्यूरोचे की मिक्स, कोड ब्लूला (पेशंटचं हृदय बंद पडलं की) तुम्ही काय करता, बीएलएस-एसीएलएस ही जीव वाचवण्याच्या ट्रेनिंगची सर्टिफिकेटं आहेत का आणि कधीपर्यंत व्हॅलिड. मिरजेतल्या नर्सेसनी जेवढं बघितलंय तेवढं मोठ्या शहरातल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या नर्सने पण बघितलेलं नसतं, सांगली-सोलापूरपासून बेळगाव-विजापूरपर्यंतचे पेशंट तुमच्याकडे येतात, हे कागदावर यायला नको का? जर्मनीसाठी भाषा आत्तापासून सुरू करा, तिथे नर्सिंगला सरकारी मान्यता लागते आणि शेवटी बहुतेक ठिकाणी बी२ मागतात.

माझ्या मुलाला एक एजंट आखाती देशात वेल्डर म्हणून पाठवतो म्हणतोय. अडीच लाख मागतोय. मुलाला अनुभव १ वर्षाचा आहे, एजंट म्हणतो मी ४ वर्षांचं लेटर बनवून रेझ्युमे पण करून देतो. मुलगा तयार आहे, माझं मन धजत नाही.
एक वडील, कोरेगाव तालुका

काका, तुमचं मन बरोबर सांगतंय. पैसे देऊ नका.

१९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला केंद्र सरकारकडे रजिस्ट्रेशन करावं लागतं, आणि असा एजंट उमेदवाराकडून सेवा शुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेऊ शकतो. अडीच लाख कुठे आणि तीस हजार कुठे. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर रजिस्टर्ड एजंटांची यादी आहे, मुलाला मोबाईलवर उघडायला सांगा, त्या माणसाचा रजिस्ट्रेशन नंबर मागा आणि जुळवून बघा. नंबर द्यायला टाळाटाळ करतो, किंवा आधी टुरिस्ट व्हिसावर जाऊ दे मग तिकडे बदलू म्हणतो, की विषय संपला. आणि आधीच काही दिलं असेल तर पावती, फोनवरचे मेसेज सगळं जपून ठेवा, पोलिसांकडे तक्रार होते, मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं ऑफिस आहे.

खोट्या लेटरचं म्हणाल तर मी हात जोडून सांगते, नको. वेल्डरला तिकडे कागद बघून कोणी कामावर घेत नाही, टेस्ट असते. सिक्स जी पोझिशनला, म्हणजे तिरका पक्का बसवून पाइप देतात, रूटला (जोडाच्या तळाला) अर्गॉन वेल्डिंग आणि वर आर्क वेल्डिंग मारायला सांगतात, मग एक्स-रे काढतात. एक वर्षवाला पोरगा चार वर्षांचा म्हणून उभा राहिला आणि जॉइंट फेल गेला की परत पाठवतात, कर्ज मात्र तुमच्या डोक्यावर राहतं. आणि एकदा खोटा कागद पकडला गेला की पुढचे देश पण बंद होतात, कॅनडात खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर ५ वर्षं बंदी, ब्रिटनमध्ये १० वर्षांपर्यंत.

मुलाचा खरा रेझ्युमे असा होऊ शकतो. आयटीआय वेल्डर, पास झाल्याचं वर्ष, अप्रेंटिसशिप केली असेल तर कुठे, एक वर्षात कुठलं वेल्डिंग केलं, प्लेट की पाइप, किती जाडीची, कुठल्या पोझिशनमध्ये, एखादी टेस्ट पास केली असेल तर तिचा कागद. एक पान होईल, होऊ दे. अजून वर्ष-दीड वर्ष इथे शिरवळला किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत चांगल्या फॅब्रिकेशनच्या कामावर काढलं आणि पाइपवर हात बसवला तर तो स्वतःच्या हिमतीवर टेस्ट देईल. वय काय आहे त्याचं, बावीस. वेळ आहे.

बीएस्सी अ‍ॅग्री २०१८ ला झालं. तेव्हापासून जॉब नाही, घरीच शेती बघतो. न्यूझीलंडला द्राक्षबागेत काम मिळतं असं ऐकलंय. पण माझ्या रेझ्युमेत एवढा मोठा गॅप आहे, तो कसा लपवायचा?
एक वाचक, तासगाव तालुका

दादा, “घरीच शेती बघतो” हे वाचून मी पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ तशीच बसले. तासगावात चार एकर द्राक्षबाग सांभाळणारा माणूस स्वतःला बेकार समजतो, आणि लपवायचं कसं विचारतो.

हा गॅप नाहीये. ही तुमची नोकरी आहे, तीच लिहायची. २०१८ पासून आजपर्यंत, द्राक्षबाग व्यवस्थापक, स्वतःच्या कुटुंबाची बाग, तासगाव, इंडिया, एकर लिहा आणि हेक्टर पण लिहा कारण तिकडे हेक्टरच चालतं, चार एकर म्हणजे १.६ हेक्टर. मग खाली एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, विरळणी, जीएचं डिपिंग (घड वाढीच्या औषधात बुडवणं), डाऊनी आणि भुरी या रोगांचं फवारणीचं वेळापत्रक तुम्ही ठरवता ते, ठिबकमधून खत देणं, छाटणीला आणि तोडणीला किती माणसं असतात आणि त्यांची हजेरी, पगार, काम वाटून देणं कोण करतं. तुम्हीच ना? मग ते सुपरव्हिजन झालं. माल युरोपला गेलाय असं लिहिलंय तुम्ही, म्हणजे ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी नोंदणीत) प्लॉटची नोंद, रेसिड्यूची म्हणजे मालात उरलेल्या औषधाची तपासणी, फवारणीची वही हे सगळं आलंच. ती फवारणीची वही तर इंटरव्ह्यूच्या वेळी जवळ ठेवा, मी बागायतदारांकडे बघितलीय, तारीख, औषध, मात्रा, वारा-पाऊस, इतकं नीट रेकॉर्ड कारखान्यात पण ठेवत नाहीत.

आता दोन खऱ्या अडचणी. पहिली, तुमची सोनाका, माणिक चमन ही खाण्याची आणि बेदाण्याची द्राक्षं, न्यूझीलंडमध्ये मार्लबरोला मुख्य पीक वाईनच्या सोव्हिन्यों ब्लांचं, वेल तारेवर उभा वाढवतात, आपल्यासारखा मांडव किंवा वाय आकाराचा आधार नसतो. हे रेझ्युमेसोबतच्या पत्रात स्वतःहून लिहा, की माझा अनुभव टेबल ग्रेप्सचा आहे आणि हे हे मला नवीन शिकावं लागेल. दुसरी, नुसत्या छाटणी-तोडणीच्या हंगामी कामाला तिकडे पॅसिफिक बेटांवरच्या माणसांसाठी २००७ पासून वेगळी योजनाच आहे, त्या रांगेत आपला नंबर लागणं अवघड. म्हणून अर्ज मजूर म्हणून करू नका, व्हिनयार्ड सुपरवायझर किंवा टेक्निशियन म्हणून करा, डिग्री आहे तुमच्याकडे. तिकडच्या वर्क व्हिसासाठी मालक सरकारकडे अ‍ॅक्रेडिटेड असावा लागतो, आधी ते विचारा. आणि नोकरी देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथल्या कायद्यात ते बेकायदा आहे हे लक्षात ठेवा.

सीव्ही दोन पानी, फोटो नाही. २०१९ च्या पुरात वडिलांच्या सांगलीतल्या खोलीवर ठेवलेली मार्कशीटं भिजली म्हणालात, तर बोर्ड आणि विद्यापीठ दोन्हीकडे डुप्लिकेटचा अर्ज आजच टाका, तोवर डिजिलॉकरवर दहावी-बारावीची मिळतात का बघा. रेफरन्स म्हणून घरचा माणूस चालणार नाही, ज्या एक्स्पोर्टरला माल दिला त्यांना किंवा कॉलेजच्या सरांना विचारा, इंग्लिश बोलू शकतील असे. मार्लबरोत हिवाळी छाटणी जूनला सुरू होऊन ऑगस्टपर्यंत चालते, सुपरवायझर ते त्याच्या बरेच आधी शोधतात, त्यामुळे या वर्षीची फळ छाटणी उरकली की लगेच पाठवायला लागा, आणि पाठवायच्या आधी एकदा मला दाखवा.